तारेतील प्रवाह आणि तारेचा रोध

सोलापूर शहरातील सात रस्ता हा चौक परगावच्या माणसाला पहिल्या भेटीत थोडा बुचकळ्यात टाकतो. रेल्वे स्थानकाकडून आलेली रिक्षा, विजापूर रस्त्याकडे वळणारा मालट्रक, होटगी रस्त्याच्या दिशेने निघालेली बस आणि रंगभवनाच्या बाजूने येणारे सायकलस्वार या सर्वांची गाठ तेथे पडते. गर्दी कितीही असो, चौकात एक हिशेब मात्र कधी चुकत नाही. जितकी वाहने सर्व बाजूंनी आत येतात, तितकीच कोणत्या ना कोणत्या रस्त्याने बाहेर पडतात. चौक स्वतः वाहने निर्माण करीत नाही आणि गिळूनही टाकीत नाही. जो रस्ता रुंद व मोकळा असेल त्यावरून अधिक वाहने जातात, अरुंद किंवा खोदून ठेवलेल्या रस्त्यावरून कमी जातात, एवढाच काय तो फरक.

याच चौकात मान वर करून पाहिले, तर खांबांवरून गेलेल्या तारांची दुसरी वाहतूक दिसते. तीही अनेक दिशांना फुटते आणि तिचा हिशेबही तसाच आहे. विजेच्या तारा जेथे एकत्र येतात त्या सांध्यात जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच बाहेर जातो, हा नियम गुस्ताव किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली मांडला. त्या वेळी तो कोनिग्जबर्ग येथे शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. वायरमनला या नियमाचे नाव ठाऊक नसेल, पण घरातील प्रत्येक पंखा व दिवा लावताना तो हाच नियम वापरीत असतो.

रस्त्याची ही उपमा मात्र एका मर्यादेपर्यंतच चालते. रस्त्यावरची वाहने आपल्याला दिसतात. तारेत काय चालते ते दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच विजेविषयी पुष्कळ गैरसमज रूढ आहेत आणि त्यांची किंमत कधी जळालेल्या मोटरीच्या रूपाने, कधी आगीच्या रूपाने मोजावी लागते.

धातूच्या आत

तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेत अणू आपापल्या जागी ओळीने बसलेले असतात. प्रत्येक अणूचे सर्वांत बाहेरचे एक किंवा अधिक इलेक्ट्रॉन मात्र त्या अणूशी बांधलेले राहत नाहीत. ते साऱ्या धातूचे सामाईक होतात, जणू गावाची गायरान जमीन. इलेक्ट्रॉनचा शोध इंग्लंडमधील जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली लावला आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १९०० साली, पाउल ड्रूड या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने धातूतील विद्युतवहनाचा पहिला सुसंगत खुलासा या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या आधारे केला. लाकूड, रबर, चिनी माती यांत असे मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, म्हणून खांबावरची तार चिनी मातीच्या चिमणीवर बसवतात आणि वायरमनच्या पक्कडीला रबराची मूठ असते.

तांब्यातील हे मोकळे इलेक्ट्रॉन वीज सुरू नसतानाही स्वस्थ बसत नाहीत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर इतका असतो. परंतु ते सर्व दिशांना सारखेच धावत असल्यामुळे एकूण वाहतूक शून्य होते. तारेच्या दोन टोकांना बॅटरी जोडली, की त्या सैरावैरा धावण्यावर एका दिशेची अगदी मंद सरक चढते. ही सरक म्हणजेच विद्युतप्रवाह. प्रवाह अँपिअर या एककात मोजतात. एक अँपिअर प्रवाह म्हणजे तारेच्या कोणत्याही छेदातून दर सेकंदाला सुमारे ६२४ कोटी गुणिले १०० कोटी इतके इलेक्ट्रॉन पलीकडे जाणे.

एवढा प्रचंड आकडा वाचून इलेक्ट्रॉन वाऱ्याच्या वेगाने पुढे जात असतील असे वाटते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असता इलेक्ट्रॉनांची पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरचा सुमारे चौदावा हिस्सा एवढीच भरते. म्हणजे तासाला वीतभर किंवा किंचित अधिक. या गतीने एक किलोमीटर अंतर तोडण्यास इलेक्ट्रॉनला पाच महिन्यांहून अधिक काळ लागेल. गोगलगाय यापेक्षा कितीतरी चपळ ठरते. हा हिशेब बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचा झाला. घरात येणारा प्रवाह तर सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो. त्यातील इलेक्ट्रॉन कोठेच जात नाहीत. याच जाडीच्या तारेत त्यांचा झोका केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका असतो आणि ते जागच्या जागी हेलकावत राहतात.

मग बटण दाबताच दिवा तत्काळ कसा लागतो, असा प्रश्न शाळेतील चौकस मुले हटकून विचारतात. याचे उत्तर नळात आहे. जलवाहिनी पाण्याने तुडुंब भरलेली असली, तर एका टोकाला पंप सुरू होताच दुसऱ्या टोकाच्या तोटीतून पाणी बाहेर पडते. उजनी धरणातला तोच थेंब सोलापूरच्या तोटीपर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही. पोहोचतो तो दाब. तारही इलेक्ट्रॉनांनी आधीपासून भरलेलीच असते. बटण दाबल्यावर विद्युतदाबाचा परिणाम प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने तारेच्या बाजूने पसरतो आणि सर्व ठिकाणचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच क्षणी हलू लागतात.

एका शाळामास्तराचा नियम

दाब आणि प्रवाह यांचा परस्परसंबंध शोधून काढणारा माणूस शाळाशिक्षक होता, ही गोष्ट शिक्षकवर्गाला विशेष जवळची वाटेल. गेऑर्ग सायमन ओहम हा कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. जर्मनीतील कोलोन येथील शाळेत तो गणित व भौतिकशास्त्र शिकवीत असे. प्रयोगाची बरीचशी उपकरणे त्याने स्वतः तयार केली. वडिलांच्या हाताखाली शिकलेले कसब त्याच्या कामी आले. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब घटकाभरातच बदलत असे आणि मोजमाप विश्वसनीय होत नसे. म्हणून त्याने बिस्मथ व तांबे या दोन धातूंचे सांधे, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात, ठेवून त्यापासून मिळणारा क्षीण पण स्थिर दाब वापरला. निष्कर्षांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे स्वागत इतके थंडपणे झाले की ओहमने नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे ओढगस्तीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला, तेव्हा कोठे त्याच्या मायदेशाला त्याची ओळख पटली. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला त्याचे नाव देण्यात आले.

त्याचा नियम एका ओळीचा आहे. तापमान कायम असताना धातूच्या तारेतील प्रवाह हा तिच्या दोन टोकांमधील दाबाच्या प्रमाणात बदलतो. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट. दाबाला प्रवाहाने भागले की जो आकडा येतो तो त्या तारेचा रोध. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत दाबाला विभवांतर व प्रवाहाला विद्युतधारा असे शब्द वापरतात. खेड्यात मात्र दाबाला होल्टेज आणि प्रवाहाला लोड म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द कोणताही असो, हिशेब एकच. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एक हजार वॉटच्या शेगडीतून सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे तिच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असला पाहिजे.

रोध तीन गोष्टींवर ठरतो. तार जितकी लांब तितका रोध अधिक, जितकी जाड तितका कमी. तिसरी गोष्ट म्हणजे धातूची जात. एक चौरस मिलिमीटर जाडीची एक किलोमीटर लांब तार घेतली, तर ती चांदीची असल्यास तिचा रोध १६ ओहमच्या आसपास, तांब्याची असल्यास १७, विजेच्या तारांसाठी वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमची असल्यास २८, लोखंडाची असल्यास सुमारे १०० आणि शेगडीत वापरतात त्या नायक्रोमची असल्यास सुमारे ११०० ओहम इतका येतो. अॅल्युमिनियम तांब्याहून कमी प्रतीचे वाहक असूनही खांबांवर त्याचेच राज्य आहे. कारण ते हलके आहे. तांब्याइतकाच रोध हवा असेल तर अॅल्युमिनियमची तार दीडपटीहून थोडी अधिक जाड घ्यावी लागते, तरीही तिचे वजन निम्मेच भरते. तिला ताण सोसत नाही ही उणीव मध्यभागी पोलादाची तार घालून भरून काढतात. अशा तारांना व्यवहारात प्राण्यांची नावे आहेत. वीज कर्मचारी बोलताना स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग असे शब्द सहज वापरतात. ग्रामसभेत वायरमन ‘येथे विझल काढून रॅबिट टाकावी लागेल’ असे म्हणाला तर तो मुंगसासारखे दिसणारे जनावर पकडून ससा सोडण्याविषयी बोलत नसतो, तार जाड करण्याविषयी बोलत असतो. विझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम, रॅबिटचा सुमारे ०.५५ आणि डॉगचा सुमारे ०.२८ ओहम असतो.

हा रोध मुळात येतो कोठून? ड्रूडची कल्पना अशी होती की धावणारे इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंवर आदळतात. पुढे पुंजसिद्धांताने या कल्पनेत महत्त्वाची दुरुस्ती केली. फेलिक्स ब्लॉख या शास्त्रज्ञाने १९२८ साली दाखवून दिले की अणू जर अगदी शिस्तीत, एकसारख्या अंतरावर आणि निश्चल बसलेले असतील, तर इलेक्ट्रॉनची लहर त्यांच्यामधून अडथळ्याविना निघून जाते. अडथळा होतो तो बेशिस्तीचा. उष्णतेमुळे अणू थरथरत असतात, मध्येच परक्या धातूचा अणू घुसलेला असतो, कोठे ओळ मोडलेली असते. अशा जागी इलेक्ट्रॉनची दिशा बदलते. खोलीच्या तापमानाला तांब्यातील इलेक्ट्रॉन सेंटिमीटरच्या सुमारे अडीच लाखाव्या हिश्श्याइतके अंतर बिनअडथळा जातो आणि मग भरकटतो. प्रत्येक वेळी भरकटताना दाबाकडून मिळवलेली ऊर्जा तो अणूंना देऊन टाकतो. अणू अधिक थरथरू लागतात, म्हणजेच तार तापते.

यावरून दोन गोष्टींचा उलगडा होतो. नायक्रोम हे निकेल व क्रोमियम यांचे मिश्रण. त्यात अणूंची सरमिसळ झालेली, म्हणून रोध मोठा. आणि तार तापली की रोध वाढतो. तांबे व अॅल्युमिनियम यांचा रोध तापमानाच्या दर अंशाला शेकडा सुमारे ०.४ इतका वाढतो. सोलापूरच्या वैशाखात, पारा चाळिशीच्या वर असताना, उन्हातली भारवाहू तार सत्तर अंशांपर्यंत सहज जाते. वीस अंशांच्या मानाने तिचा रोध तेव्हा एकपंचमांशाने वाढलेला असतो. नेमक्या याच दिवसांत पंखे, कूलर व विहिरीवरचे पंप यांची मागणी शिगेला पोहोचते. थंडीकडे गेल्यास उलट घडते. हॉलंडमधील कामरलिंग ओन्नस यांनी १९११ साली पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकतेचा हा शोध आज रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांत उपयोगी पडतो. गावच्या वाहिनीसाठी तो अद्याप फार दूरचा आहे.

शेवटच्या खांबावरचा पंप

सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या लाभक्षेत्रातील ऊस असो की सांगोल्याकडची डाळिंबे, पिकाचे भवितव्य पुष्कळदा पाच अश्वशक्तीच्या मोटरीवर अवलंबून असते. रोहित्राजवळच्या शेतकऱ्याची मोटर सुरळीत चालते आणि शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याची मोटर गुरगुरते, तापते व जळते, ही तक्रार कोणत्याही ग्रामपंचायतीला नवी नाही. (रोहित्राला गावोगाव डीपी म्हणतात, वास्तविक डीपी ही त्याच्या खालची फ्यूजची पेटी, पण नाव आता रोहित्रालाच चिकटले आहे.) शेवटच्या शेतकऱ्याला वाटते की आपल्याला मुद्दाम कमी वीज सोडली जाते. असा संशय येणे स्वाभाविक आहे; परंतु कारण बहुधा तारेत असते.

समजा, रोहित्रापासून एक किलोमीटरवर विझल तारेच्या शेवटी पाच अश्वशक्तीचे चार पंप आहेत. प्रत्येक पंप साडेसात अँपिअर घेतो, म्हणजे प्रत्येक तारेत ३० अँपिअर. तारेचा रोध ०.९३ ओहम, ३० ने गुणता २८ व्होल्ट. रोहित्राजवळ एका फेजला २४० व्होल्ट असले तर शेवटी २१२ उरतात. मोटर चालते. पुढच्या वर्षी तेथेच आणखी चार पंप जोडले गेले, काही मंजुरीने, काही आकडे टाकून. आता प्रवाह ६० अँपिअर झाला, दाबातील घट ५६ व्होल्ट झाली आणि शेवटच्या पंपाला १८४ व्होल्टच मिळाले. मोटरीला पाणी तेवढेच उपसायचे असते. दाब कमी मिळाला की ती प्रवाह अधिक ओढते. प्रवाह अधिक म्हणून तारेत घट अधिक, घट अधिक म्हणून मोटरीला दाब आणखी कमी. या दुष्टचक्रात मोटरीच्या गुंडाळीचे लेपन जळते आणि शेतकरी रिवाइंडिंगच्या दुकानाची वाट धरतो.

तारेत वाया जाणाऱ्या विजेची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. जेम्स जूल या इंग्रज संशोधकाने १८४१ साली सिद्ध केले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर्गाच्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. ३० अँपिअरला तीन तारांत मिळून सुमारे अडीच किलोवॉट वीज वाया जात होती. ६० अँपिअरला ती पाच नव्हे, दहा किलोवॉट झाली. आठ पंपांना लागणारी वीज पस्तीस किलोवॉटच्या आसपास. म्हणजे शेतात साडेतीन भाग पाणी उपसण्यास वीज पोहोचवताना एक भाग वाटेतल्या पाखरांचे पाय शेकण्यात गेली.

उपाय दोन. तार जाड करणे हा एक. डॉग तार टाकली तर रोध तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि हानीही. दुसरा उपाय अधिक परिणामकारक आहे. तीच वीज ४१५ ऐवजी ११,००० व्होल्टवर त्या किलोमीटरभर अंतरावर नेली, तर प्रवाह साडेसव्वीस पटींनी कमी होतो. हानी वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे सातशे पटींनी. दहा किलोवॉटची हानी चौदा वॉटवर येते. एका लहान दिव्याइतकी. लघुदाबाच्या लांबच लांब तारा ओढण्याऐवजी उच्चदाबाची वाहिनी शेतापर्यंत नेऊन तेथे एक-दोन पंपांसाठी छोटे रोहित्र बसविण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ साली हाती घेण्यात आली, ती याच गणितावर. तिला उच्चदाब वितरण प्रणाली म्हणतात. तिचा आणखी एक फायदा असा की उच्चदाबाच्या तारेवर आकडा टाकण्याचे धाडस कोणी करीत नाही.

पंचायतीच्या आणि शेतकऱ्याच्या हातातला उपाय त्यामानाने स्वस्त आहे. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविला तर मोटर तारेकडून ओढते तो निरर्थक प्रवाह कमी होतो. शक्तिगुणक ०.८० वरून ०.९५ वर आला तर प्रवाह शेकडा १६ ने घटतो आणि तारेतली हानी शेकडा २९ ने. याउलट ऑटोस्विच लावून ठेवण्याची जी सवय पडली आहे ती रोहित्राच्या मुळावर येते. रात्री वीज येताच साऱ्या शिवारातील मोटरी एका क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. तेवढा भार एकदम सोसणे कोणत्याही रोहित्राला जड जाते, आणि रोहित्र जळाले की नवे येईपर्यंत पाणी सर्वांचेच थांबते, ज्यांनी ऑटोस्विच लावला नव्हता त्यांचेही.

रायचूर ते सोलापूर

दाब वाढवून प्रवाह कमी करण्याच्या या तत्त्वाचे देशातील एक मोठे उदाहरण सोलापूरच्याच भूमीवर उभे आहे. २०१३ पर्यंत दक्षिणेकडील राज्यांचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एका तालात जोडलेले नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि देशाचे संपूर्ण वीजजाळे एक झाले. सुमारे २०८ किलोमीटर लांबीच्या या वाटेने एक हजार मेगावॉट वीज न्यायची तर प्रत्येक फेजमध्ये सुमारे ७५५ अँपिअर प्रवाह पुरतो. तीच वीज घरगुती पंपाच्या ४१५ व्होल्टवर नेण्याचे कोणी मनात आणले, तर जवळजवळ १४ लक्ष अँपिअर प्रवाह लागेल. तो वाहून नेण्याजोगी तार आणि ती तोलणारे खांब कल्पनेतही उभे राहणार नाहीत. होटगीजवळ फताटेवाडी येथे ६६० मेगावॉटचे दोन संच असलेले औष्णिक वीज केंद्र आहे. तेथली वीज असो वा रायचूरकडून आलेली, सात रस्त्याच्या खांबावर पोहोचेपर्यंत तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर दाब व प्रवाह यांची हीच अदलाबदल होते.

सैल सांध्याची आग

तारेचा रोध निदान लांबीभर पसरलेला असतो. सैल सांध्याचा रोध एका बिंदूत साठतो, आणि तो अधिक घातक आहे. स्क्रू नीट न आवळलेल्या एखाद्या जोडणीत अर्धा ओहम रोध निर्माण झाला आणि तिच्यातून १५ अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे ११२ वॉट उष्णता तयार होते. वाटाण्याएवढ्या जागेत शंभर वॉटच्या दिव्याहून अधिक उष्णता. विशेष म्हणजे फ्यूज किंवा एमसीबी यांना याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट किंचित घटलेला असतो. तांब्याची तार अॅल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळून जोडली की हीच गत होते. अॅल्युमिनियमवर हवेने चढणारा थर वीज वाहू देत नाही आणि दमटपणात दोन धातूंचा सांधा कुजतो. त्यासाठी द्विधातूचे क्लॅम्प मिळतात.

चादरी आणि टॉवेल यांच्या या शहरात ही बाब पुस्तकी नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा तुसा हवेत तरंगत असतो आणि स्विचबोर्डावर, मोटरीवर, तारांच्या सांध्यावर साचतो. तापलेल्या सांध्याला तेवढे निमित्त पुरते. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. आगीचे कारण म्हणून प्रारंभी शॉर्टसर्किटची शक्यता व्यक्त करण्यात आली होती. शॉर्टसर्किट म्हणजे रोध जवळजवळ शून्य होऊन प्रवाह बेसुमार वाढणे. सैल सांधा म्हणजे नको तेथे रोध उभा राहणे. कारणे परस्परविरुद्ध, पण सैल सांध्याच्या उष्णतेने तारेवरचे लेपन वितळून शेवटी शॉर्टसर्किट होणे हा नेहमीचा क्रम आहे. स्विचबोर्डाचे झाकण नेहमीपेक्षा गरम लागणे, प्लगभोवती काळपट डाग पडणे, जळक्या प्लास्टिकचा वास येणे या खुणा दिसल्या की वीज बंद करून सांधा आवळून घेण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तारेचे वेटोळे घालणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. इतर तारांआधी तिने वितळावे यासाठीच ती तेथे आहे.

माणसाचे शरीरही एक रोधच आहे. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो, ओल्या त्वचेचा एक हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर जाऊ शकतो, आणि याच्या आठव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाहही जिवावर बेतू शकतो. ओल्या पायांनी पंपाच्या पेटीला हात लावणाऱ्या शेतकऱ्याचे रक्षण अर्थिंग करते, कारण बिघाड झालेल्या मोटरीतील प्रवाहाला ते शरीराहून फार कमी रोधाचा रस्ता देते. मात्र अर्थिंगचा रोध मातीच्या ओलाव्यावर अवलंबून असतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळते, खड्ड्यातले मीठ व कोळसा कोरडे पडतात आणि अर्थिंग नावापुरते उरते. शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, पाणीपुरवठ्याचे पंपगृह या ठिकाणच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतण्याचे काम शिपायाच्या नेहमीच्या कामांत लिहून ठेवता येते.

शाळेत हे सारे दाखवण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. टॉर्चचे दोन सेल, एक लहान बल्ब, शेगडीच्या जुन्या कॉइलचा हातभर तुकडा आणि तेवढीच तांब्याची तार पुरे. बल्बच्या मार्गात तांब्याची तार घातली तर उजेड तसाच राहतो, कॉइलची तार घातली तर मंदावतो आणि तिच्यावरचा स्पर्शबिंदू सरकवत नेला तर कमी-अधिक होतो. दोन सेलांवरच हा प्रयोग करावा. घरातील विजेवर तो करू नये, हे मुलांना आधी सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा दिवा शाळेत शिल्लक असेल, तर वीज जोडणीपासून अलग करून थंड अवस्थेत त्याचा रोध मीटरने मोजावा. तो चाळीस ओहमच्या आत भरतो. हिशेबाने पेटलेल्या दिव्याचा रोध ५२९ ओहम येतो. हा फरक कशामुळे पडला आणि असे दिवे बहुधा बटण दाबताक्षणीच का जातात, हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे.